जुन्या लष्करी मालमोटारींची निगा व दुरुस्ती

स्मरणिकेच्या पानांत संस्थेचा वृत्तान्त शोभतो, देणगीदारांची नावे शोभतात. तेथे मालमोटारीच्या तेलकट विषयाला काय काम, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु बेळगावसारख्या छावणीच्या गावी लष्करी मोटार हा परका विषय नव्हे. शिवाय जुनी लष्करी गाडी विकत घेऊन ती पुन्हा चालती करण्याची हौस आमच्या तरुण मंडळींत अधूनमधून डोके वर काढते, आणि या हौसेत थेट जिवावर बेतणाऱ्या दोन-चार गोष्टी आहेत. त्या मराठीत कोठेतरी लिहून ठेवाव्यात, एवढ्यासाठी हा प्रपंच.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेल्या हजारो गाड्या आपल्या देशात उरल्या. त्या लिलावात निघाल्या, त्यांवर लाकडी बांधणी चढली आणि त्या माल व उतारू वाहू लागल्या. त्यांत दोन घराणी मुख्य. एक कॅनडाचे. फोर्ड व शेव्हरले या दोन्ही कारखान्यांनी तेथे एकाच लष्करी नमुन्याच्या चार लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. नाक बसके, स्टिअरिंग उजवीकडे आणि समोरची काच खालच्या बाजूने आत ओढलेली. वरून जाणाऱ्या विमानाला काचेची चमक दिसू नये म्हणून ही युक्ती. दुसरे घराणे अमेरिकेचे. त्यातील अडीच टनी, दहा चाकांची जीएमसी पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. तिचे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आपल्या रस्त्यावर पुढच्या गाडीला मागे टाकताना क्लीनरच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागे. पुढे १९५९ पासून जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान मालमोटार तयार होऊ लागली, ती १९९६ पर्यंत. आज हौशी माणसाच्या हाती लागली तर बहुधा शक्तिमानच लागते. युद्धकालीन गाड्या दुर्मिळ झाल्या आहेत.

कामाला हात घालण्यापूर्वी पान्यांची पेटी उघडून पाहावी. अमेरिकन व कॅनेडियन गाडीचे आटे एका जातीचे, ब्रिटिश गाडीचे दुसऱ्या आणि शक्तिमानचे मिलिमीटरचे. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, बारीक आट्यांचा बोल्ट घेतला तर अमेरिकन बोल्टला इंचास २० आटे असतात, तर ब्रिटिश बीएसएफ बोल्टला १६. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. जोर लावून एकाचा नट दुसऱ्यावर चढवला की आटे मेलेच. पान्यावरील आकड्यांचाही असाच घोळ आहे. अमेरिकन पान्यावर नटाच्या दोन समोरासमोरच्या कडांमधील अंतर लिहिलेले असते, तर जुन्या ब्रिटिश पान्यावर बोल्टची जाडी. साठ-सत्तर वर्षांत अनेक हातांखालून गेलेल्या गाडीत तिन्ही जातींचे बोल्ट सापडणे नवलाचे नाही. प्रत्येक बोल्ट काढताना तो कोठला हे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळणाऱ्याची गाडी वर्षभर उघडीच राहते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चाके. कॅनेडियन गाड्यांची आणि युद्धकालीन अनेक जीपांची रिम अखंड नसून दोन पत्र्यांची असते आणि ते दोन भाग नटबोल्टांनी एकमेकांस आवळलेले असतात. अशा चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतल्या वर्तुळाचे नट चाकाला हबवर धरून ठेवतात. बाहेरच्या वर्तुळाचे नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले, तर ते दोन भाग तोफेच्या गोळ्यासारखे सुटतात. हिशेब सोपा आहे. दर चौरस इंचाला ५० पौंड दाब धरला, तर नुसत्या १०० चौरस इंचांवर ५,००० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन टन जोर बसतो. आणि समोर माणसाचे तोंड व छाती असते. ब्रिटिश सैन्यात हे धोक्याचे नट तांबड्या रंगाने रंगवीत, ते याच कारणाने. लिलावातल्या गाडीवर तो रंग उडालेला किंवा दुसऱ्या रंगाखाली झाकलेला असतो. म्हणून आमचे सांगणे असे, की गाडी दारात आली की पहिल्याच दिवशी ते नट तांबडे रंगवून टाकावेत, आणि चाक उघडण्यापूर्वी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडावी. हवा गेली असे वाटणे पुरेसे नाही. व्हॉल्व्हमध्ये तार घालून पाहावे. जीएमसीसारख्या गाड्यांच्या रिमला लॉक-रिंग असते. तीही गंजलेली किंवा वाकडी बसली तर हवा भरताना उडते. तेव्हा हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, किंवा निदान जाड साखळीने बांधून लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी.

दुसरा सापळा हातब्रेकचा. जीएमसी व जीप यांचा हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून दुसऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये, आणि नुसत्या जॅकवर विसंबून तर मुळीच जाऊ नये.

पुष्कळ जण गाडी आणली की आधी इंजिन सुरू करण्याच्या मागे लागतात. ते आवाज करते, बघ्यांची गर्दी जमते, म्हणून ते आधी. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आधी ब्रेक व स्टिअरिंग, मग इंजिन. या गाड्यांना ब्रेक ऑईलचे एकच मास्टर सिलिंडर असते. एक होज फुटली की चारही किंवा सहाही चाकांचे ब्रेक एकदम जातात. तेव्हा सगळ्या होज व सिलिंडरमधील सगळी रबरे एकाच वेळी बदलावीत, एक-एक करून नव्हे. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषते. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता ते दर दोन वर्षांनी बदलणे बरे. त्यात इंजिनचे ऑईल चुकूनही घालू नये. रबरे फुगून ब्रेक जाम होतात. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर त्यातील धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास आढळते, ती सोडावी. ओल्या फडक्याने पुसावे व फडके पिशवीत बांधून टाकावे. ती धूळ फुप्फुसांत बसते आणि तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो.

इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर गाडीला दोर बांधून ओढण्याची घाई करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे रॉकेल व ऑईल यांचे मिश्रण सोडावे, चार-आठ दिवस थांबावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहावे. ऑईलपॅन खाली उतरवून त्यातला गाळ खरवडल्याशिवाय नवे ऑईल भरू नये. कॅनेडियन शेव्हरलेच्या २१६ घनइंची इंजिनात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग व्हाइट मेटल ओतून केलेले असते आणि त्याला ऑईल मुख्यतः शिंतोड्यांनी मिळते. अशा इंजिनाला पळवून चालत नाही. बेअरिंग सैल झाले तर दोन्ही बाजूंची शिम सारखी काढीत जावे. शाफ्ट जड फिरू लागला की एक परत घालावी. व्हाइट मेटल ओतणारे कारागीर आता थोडे राहिले आहेत, तेव्हा जो सापडेल त्याला धरून ठेवावे. फोर्डच्या व्ही-आठचे दुखणे निराळे. त्याचा धूर ब्लॉकमधील पाण्याच्या वाटांमधूनच बाहेर जातो, त्यामुळे ते लवकर तापते. रेडिएटर बदलून खर्चात पडण्यापूर्वी ब्लॉकमध्ये साचलेला गंजाचा लगदा बाहेर काढावा.

विजेबाबत एकच लक्षात ठेवावे. युद्धकालीन पुष्कळ गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि म्हणून तारा जाड लागतात. आजच्या १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली की स्टार्टर कण्हत फिरतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो. अर्थची जागा पत्रा चमकेपर्यंत घासावी.

पेट्रोलची टाकी गंजली असेल तर आत साखळीचा तुकडा टाकून ती हलवून-हलवून धुवावी. पण तिला वेल्डिंग करण्याचा मोह धरू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरल्या टाकीपेक्षा अधिक भयंकर असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या पंपाचा रबरी पडदा व नळ्या त्याने लवकर कुजतात, तेव्हा इथेनॉल सोसणारे रबर मागून घ्यावे आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. शक्तिमान डिझेलची असल्याने हा त्रास तिला नाही. तिचे फिल्टर वेळेवर बदलावेत, नळ्यांतील हवा काढावी आणि इंजेक्शन पंपाला मात्र जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये.

पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा दिसला की तो ओढून पाहण्याची इच्छा होते. डांबरी रस्त्यावर ती आवरावी. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर जातात; चिखलात ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या रस्त्यावर मात्र सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि शेवटी दात तुटतात. सगळे टायर एका मापाचे व सारखे झिजलेले असावेत, तेही याचसाठी.

आंबोलीसारखा घाट उतरताना गियर काढून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची एक जुनी ड्रायव्हरी अक्कल होती. जीएमसीच्या ब्रेकला जोर देणारे यंत्र इंजिनच्या ओढीवर चालते. इंजिन बंद म्हणजे तो जोरही थोड्याच वेळात बंद. ज्या गियरात घाट चढावा लागेल त्याच गियरात तो उतरावा.

राहता राहिले कागदपत्र. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. दहा चाकांची गाडी असेल तर घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारावे. लिलावाची मूळ पावती जपून ठेवावी, आणि रंग खरवडताना चॅसीवरचा व इंजिनवरचा नंबर ग्राइंडरखाली जाऊ देऊ नये. त्यावर आधी ग्रीस लावून कागद चिकटवावा.