टॉप मॉडेल, बेस मॉडेल आणि शेतावरची साइड-बाय-साइड

अमेरिकेत शेतावर, रँचवर किंवा मोठ्या आवाराच्या घरी ट्रॅक्टरच्या शेजारी आणखी एक गाडी हमखास उभी दिसते, तिला साइड-बाय-साइड म्हणतात. दोघांना-तिघांना शेजारी-शेजारी बसायची जागा, मोटारीसारखं स्टीअरिंग, डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि मागे माल ओतता येईल असा हौदा. कुंपणाचे खांब, गवताचे गठ्ठे, खताची पोती, फवारणीची टाकी, तोडलेली लाकडं असं दिवसभराचं ओझं हीच गाडी वाहते. कावासाकीची म्यूल १९८८ पासून आहे. जॉन डिअरची गेटर, पोलॅरिसची रेंजर, कॅन-ॲमची डिफेंडर, होंडाची पायोनिअर, कुबोटाची आरटीव्ही ही बाजारातली इतर ठळक नावं.

टेक्सास, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनाकडे पाच-दहा एकरांसह घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसमोरही ही खरेदी येते, आणि तिथे आपली एक जुनी सवय आडवी येते. पुण्या-नाशिकच्या शोरूममध्ये आपण टॉप मॉडेल आणि बेस मॉडेल याच भाषेत गाडी घेतो. तिथे ते बऱ्याच अंशी बरोबरही असतं. जास्त एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअर, कधी कधी मोठं इंजिनसुद्धा वरच्या मॉडेलमध्येच मिळतं. कामाच्या साइड-बाय-साइडला हा हिशेब लागू पडत नाही. इथे मॉडेलची पायरी चढली की आराम वाढतो, जोडसाहित्य वाढतं, पण गाडीची ताकद आणि वाहायची क्षमता बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी ठरलेली असते. म्हणून पायऱ्यांची तुलना करताना मी एकच प्रश्न आधी विचारेन: यातलं काय नंतर बसवता येईल आणि काय येणार नाही?

‘टॉप मॉडेल म्हणजे जास्त ताकद’

कॅन-ॲम डिफेंडर घ्या. तिचं इंजिन एचडी७, एचडी९, एचडी१० अशा नावांनी ओळखलं जातं. त्यांची ताकद अनुक्रमे ५२, ६५ आणि ८२ एचपी. डीपीएस, एक्सटी, लिमिटेड ही त्यावरची सजावटीची आणि सोयींची पायरी. एचडी१० डीपीएस घेतली काय किंवा सगळीकडून बंद केबिनची एचडी१० लिमिटेड घेतली काय, इंजिन तेच ८२ एचपीचं. उलट लिमिटेडच्या त्याच इंजिनाला केबिनचं वजन ओढायचं असतं आणि एसीचा कॉम्प्रेसरही फिरवायचा असतो.

पोलॅरिसमध्ये फसगत उलट्या दिशेनं होते. रेंजर १००० आणि रेंजर एक्सपी १००० ही नावं एकाच गाडीच्या दोन पायऱ्यांसारखी वाटतात. प्रत्यक्षात पहिलीत ६१ एचपीचं इंजिन येतं, दुसरीत ८२ एचपीचं. ‘एक्सपी’ या दोन अक्षरांत २१ एचपीचा फरक आहे. तो नंतर कुठल्याही दुकानातून विकत आणून बसवता येत नाही. तर प्रीमियम किंवा नॉर्थस्टार हे शब्द इंजिनाला हातही लावत नाहीत.

विजेवरच्या रेंजर एक्सपी कायनेटिकमध्ये मात्र वरची पायरी खरोखर कामाची आहे. प्रीमियम आणि अल्टिमेट दोन्हींत ११० एचपीची मोटार आहे, पण बॅटरी प्रीमियममध्ये १४.९ किलोवॅट-तासांची आणि अल्टिमेटमध्ये २९.८ ची. कंपनीच्या अंदाजानुसार एका चार्जमध्ये पहिली ४५ मैल, म्हणजे ७२ किमी चालते आणि दुसरी ८० मैल, म्हणजे सुमारे १२९ किमी. बॅटरी नंतर वाढवू, असं म्हणून इथे चालत नाही. ज्याचं शेत घरापासून लांब पसरलं आहे, त्यानं या एका गाडीत वरच्या पायरीचे पैसे जरूर द्यावेत.

‘जितकी महाग, तितकं जास्त ओझं वाहील’

हा सर्वांत घातक गैरसमज आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

रेंजर एक्सपी १००० किंवा पायोनिअर १००० सारख्या गाडीच्या जाहिरातीत हौद्याची क्षमता १,००० पौंड, म्हणजे ४५४ किलो, आणि ओढायची क्षमता २,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,१३४ किलो अशी छापलेली असते. वाचणाऱ्याला वाटतं, दोन माणसं बसवली, हौदा ४५४ किलोंनी भरला आणि मागे टनभराचा ट्रेलर लावला की निघालो. पण गाडीवर एकूण किती भार चालतो, हा आकडा वेगळा असतो. त्यात चालक, शेजारचा माणूस, हौद्यातला माल, नंतर बसवलेलं साहित्य आणि ट्रेलरच्या दांडीचा हिचवर येणारा भार, सगळं मोजायचं असतं.

समजा हा एकूण आकडा ६८० किलो आहे. दोन माणसं १६० किलोंची. विंच, छप्पर, पुढची-मागची काच, दरवाजे आणि हीटर नंतर बसवले, त्यांचे मिळून ११० किलो. ट्रेलरच्या दांडीचा भार ६० किलो. उरले ३५० किलो. जाहिरातीतले ४५४ किलो त्या दिवशी अस्तित्वातच नाहीत. कंपनीनंच बंद केबिन बसवून दिलेल्या मॉडेलमध्ये केबिनचं वजन तक्त्यात आधीच धरलेलं असतं, त्यामुळे त्याच गाडीच्या उघड्या मॉडेलपेक्षा तिथे एकूण भार कमी दिसतो. तो आकडा खोटा नाही, नीट वाचायचा असतो. ज्याला रोज खडी, माती आणि ओली लाकडं वाहायची आहेत, त्याला साधी उघडी गाडीच जास्त माल नेऊ देते.

इंजिनाची ताकद आणि हौद्याची क्षमता यांचंही सरळ नातं नाही. कुबोटाची आरटीव्ही-एक्स११००सी ही डिझेल गाडी जेमतेम २४.८ एचपीची. पण तिचा हौदा सुमारे ५०० किलो घेतो, ८२ एचपीच्या गाड्यांपेक्षा अधिक. वेग ताशी पन्नास किमीच्या आतच. ओढायला मात्र ती फक्त १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलोंपर्यंतच चालते. याच्या अगदी उलट टोकाला महिंद्राची रॉक्सर आहे. मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू करणाऱ्या महिंद्रानं तीच जीपची परंपरा २०१८ मध्ये मिशिगनच्या ऑबर्न हिल्समधून साइड-बाय-साइड म्हणून अमेरिकेत विकायला काढली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मॅन्युअल गिअर, मजबूत चॅसी. तिची ओढायची क्षमता ३,४९० पौंड, पण वाहायची फक्त ३४९ पौंड. बरोबर दहापट फरक! ओढणं आणि वाहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे याहून स्पष्ट कुठल्या तक्त्यात दिसणार नाही.

आणखी एक. अनेक गाड्यांच्या कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीवर हौद्याची क्षमता १,००० ऐवजी ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो लिहिलेली असते. तिथल्या वर्गवारीच्या नियमांमुळे हा आकडा बदलतो. दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या गाडीवरून आपला अंदाज बांधू नये. आपल्याच गाडीवरचं लेबल वाचावं.

‘पॉवर स्टीअरिंग म्हणजे चैन’

सपाट अंगणात तसं वाटतं खरं. फोर-व्हील ड्राइव्ह लावून दगडांतून, नांगरलेल्या रानातून किंवा बर्फातून जाताना प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टीअरिंगमधून मनगटात येतो. पॉवर स्टीअरिंग तो झटका बराचसा शोषून घेतं. चालवणारा साठीच्या पुढचा असेल, किंवा दिवसातून चार-चार तास गाडी हातात असेल, तर मी दुसरं सगळं सोडेन पण हे सोडणार नाही. बाहेरच्या कंपन्यांचे किट मिळतात, पण त्यासाठी स्टीअरिंगचा दांडा आणि वायरिंग उघडावं लागतं, खर्चही बराच येतो. कॅन-ॲमच्या डीपीएस या नावात पॉवर स्टीअरिंगच दडलेलं आहे. अगदी तळच्या मॉडेलवरून एक पायरी चढायला बहुतेकांसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

‘फोर-व्हील ड्राइव्ह असली की झालं’

फोर-व्हील ड्राइव्ह या वर्गातल्या बहुतेक गाड्यांच्या बेस मॉडेलमध्येही असते. फरक पडतो तो डिफरन्शियल कसं लॉक होतं यानं. एक चाक हवेत किंवा चिखलात नुसतंच फिरत असताना दुसऱ्याला जोर मिळतो की नाही, हे त्यावर ठरतं. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे मागचं डिफरन्शियल सोडवता येतं का. रेंजरमध्ये यासाठी वेगळा ‘टर्फ’ मोड असतो. तो लावला की वळताना मागची दोन चाकं आपापल्या वेगानं फिरतात आणि हिरवळ उपटली जात नाही. घराभोवती लॉन असलेल्या माणसाला हे बटण चिखलातल्या पराक्रमापेक्षा जास्त वेळा लागतं.

याच कारणासाठी चिखलाच्या खास मॉडेलांचा मोह टाळावा. डिफेंडर एक्स एमआरसारख्या मॉडेलला मोठे, खोल नक्षीचे टायर येतात. खऱ्या दलदलीत ते कमाल करतात. पण कडक जमिनीवर ते आवाज करतात, हिरवळ फाडतात आणि लवकर झिजतात. साध्या मॉडेलवर नंतर मोठे टायर चढवणाऱ्यानं हेही लक्षात घ्यावं की चाक मोठं झालं की इंजिनाला तेच काम उंच गिअरमध्ये करावं लागतं. त्याचा ताण बेल्टवर येतो.

बेल्टचा विषय निघाला म्हणून सांगतो. रेंजर, डिफेंडर, म्यूल यांच्यात सीव्हीटी, म्हणजे रबरी बेल्टवर गिअर सलग बदलणारी यंत्रणा असते. पायोनिअर १००० मध्ये बेल्टच नाही. तिला मोटारीसारखा सहा गिअरचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स आहे. कुबोटाच्या आरटीव्ही-एक्स११००सीत हायड्रोस्टॅटिक यंत्रणा आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. डोंगराळ जागी जड ट्रेलर ओढणाऱ्यासाठी ही निवड पायऱ्यांच्या सगळ्या चर्चेहून मोठी आहे आणि ती कंपनी ठरवतानाच होऊन जाते. बेल्टची गाडी असेल तर ओझं ओढताना आणि सावकाश चढताना ‘लो’ गिअर लावायचा, एवढी शिस्त बेल्टचं आयुष्य वाढवते.

‘केबिन नंतर बसवू, स्वस्तात पडेल’

अर्धं खरं आहे. छप्पर, पुढची काच, कापडी दरवाजे आणि हीटर नंतर बसवता येतात. हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे तो सोपा. एसी ही वेगळी गोष्ट. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या, वाढीव विद्युतपुरवठा, शिवाय हवा बाहेर जाऊ नये अशी नीट बसलेली केबिन, एवढं सगळं नंतर जुळवायला गेलं की पैसे जातात आणि फटीही उरतात. रेंजर नॉर्थस्टार, डिफेंडर लिमिटेड, गेटरची ‘आर’ मालिका आणि आरटीव्ही-एक्स११००सी यांत कंपनीनंच केबिन आणि एसी बसवलेला असतो. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये धुळीतून गवत वाहणाऱ्यासाठी, किंवा मिनेसोटाच्या जानेवारीत बर्फ ढकलणाऱ्यासाठी ते पैसे योग्य कारणी लागतात. वर्षातले आठ महिने हवा बरी असलेल्या जागी मी उघडी गाडी घेईन. दर दहा मिनिटांनी उतरून फाटक उघडणाऱ्याला दरवाजाही नकोसा होतो.

‘वरचं मॉडेल जास्त सुरक्षित’

मोटारींवरून आलेला हा समज इथे धोक्याचा ठरतो. गाडी उलटली तर वाचवतो तो नळ्यांचा पिंजरा आणि सीटबेल्ट. दोन्ही तळच्या मॉडेलमध्येही असतात. काचेच्या केबिनमुळे पिंजरा अधिक भक्कम होत नाही. यामाहाच्या राइनो या गाडीबाबत उलटण्याच्या अपघातांनंतर २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं कंपनीसोबत मोफत दुरुस्ती जाहीर केली. मागच्या चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवायची आणि मागचा अँटी-स्वे बार काढायचा, अशी ती दुरुस्ती होती. म्हणजे प्रश्न रुंदीचा आणि वळणावरच्या वागण्याचा होता, सजावटीचा नव्हे. हौद्यात माणसं बसवणं, बेल्ट न लावणं आणि उतारावर आडवं वळणं यावर कुठलंही मॉडेल उपाय देत नाही. ज्या मुलांचे पाय टेकत नाहीत, हात पकडीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांना या गाडीत बसवू नये. मग ती सहा आसनी ‘क्रू’ असली तरीही.

क्रू मॉडेलबद्दल एवढंच, की मागची आसनं लांबी वाढवतात आणि वळायला जास्त जागा लागते. अधूनमधूनच पाहुणे येत असतील तर पायोनिअर १०००-५ सारखी गाडी बघावी. तिची मागची दोन आसनं हौद्याच्या तळातून वर उघडतात. म्यूल प्रो-एफएक्सटीत हौदा आखडून तिघांऐवजी सहा जण बसतात. गर्दीच्या दिवशी माल कमी जाईल, पण रोजची गाडी आटोपशीर राहते.

‘दिवे-आरसे असलेलं मॉडेल रस्त्यावर चालतं’

ही गाडी कारखान्यातून रस्त्यासाठी बनून येत नाही. ॲरिझोना, युटा, मोंटाना, आयडाहो अशी काही राज्यं ठरावीक साहित्य लावल्यावर रस्त्यावर नोंदणी देतात. कॅलिफोर्निया देत नाही. मॉडेलच्या पायरीशी याचा संबंध नाही, राज्याच्या कायद्याशी आहे. जंगलातल्या पायवाटांवरही अडचण येते. अमेरिकी वनखात्याच्या अनेक वाटा ५० इंच रुंदीपर्यंतच्याच गाड्यांना खुल्या असतात, आणि पूर्ण आकाराची कामाची गाडी ६० इंचांपुढेच जाते. तिथे होंडाची ५० इंची पायोनिअर ५२० जाईल, लाखमोलाची नॉर्थस्टार फाटकाशीच थांबेल.

‘सगळं जोडलेलं मॉडेल घेणं शेवटी स्वस्त’

कधी कधी. डिफेंडर एक्सटीत ४,५०० पौंडांची विंच आणि जाड टायर मिळतात. हे सगळं लागणारच असेल तर वेगवेगळं घेऊन मजुरी देण्यापेक्षा एक्सटी बरी पडते. विंच हवी असेल आणि बाकी काही नको असेल, तर डीपीएस घेऊन विंच नंतर बसवा. ती कोणीही मेकॅनिक दुपारभरात बसवतो. मागच्या वर्षीचं उरलेलं वरचं मॉडेल यंदाच्या मधल्या मॉडेलच्या किमतीत मिळत असेल तर तेही जरूर पाहावं. छापील किमतीत वाहतूक, जुळणी आणि कागदपत्रांचे पैसे धरलेले नसतात आणि ते डीलरगणिक बदलतात. म्हणून दोन पायऱ्यांमधला फरक मोजण्याआधी दोन्हींची घरी नेण्याची पूर्ण रक्कम डीलरकडून लेखी घ्यावी.