दाराखिडक्यांच्या फटी बुजवा, धुराची वाट मात्र मोकळी ठेवा



रब्बीची पेरणी आटोपली की थंडीचे दिवस येतात. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री दार-खिडकी लावून, दोन गोधड्या पांघरून निजलं तरी कुठून तरी गार वारा झोंबतोच. हा वारा पुष्कळदा चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून येतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं; भिंत मात्र जागची हलत नाही. असं काही वर्षं चाललं की चौकट भिंतीपासून सुटते. मग त्याच फटीतून हिवाळ्यात वारा, पावसाळ्यात पाणी आणि बारा महिने मुंग्या, झुरळं, विंचू आत येतात. ओल राहिली की लाकूड कुजतं, वाळवीलाही वाट मिळते.

ही फट बुजवायला हल्ली डब्यातून फवारायचा फेस मिळतो. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात त्याला पी.यू. फोम म्हणतात. बाहेर पडला की तो फुगतो, हवेतल्या आणि भिंतीतल्या ओलाव्यानं घट्ट होतो आणि फट बंद करतो. काम सोपं आहे, पण कुठं करायचं आणि कुठं नाही, हे आधी समजून घ्या.

फट कशी शोधावी?

दिवसा दार-खिडक्या लावून आत अंधार करा. चौकटीच्या कडेनं उजेडाची तिरीप दिसली की फट सापडली. जिथं उजेड दिसत नाही तिथं, वारा सुटला असेल तेव्हा, पेटवलेली उदबत्ती चौकटीच्या कडेनं सावकाश फिरवा. धूर सरळ वर न जाता जिथं वाकेल तिथं खडूची खूण करा. पडदे आणि कपडे तेवढे दूर ठेवा. सगळ्या खुणा झाल्यावरच डबा आणा, कारण एकदा उघडलेल्या डब्याची नळी लवकर तुंबते. काम एका बैठकीत उरकायला हवं.

फोम कुठं चालतो, कुठं नाही?

चौकट आणि विटांची किंवा दगडाची भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीला फोम उत्तम. करंगळीहून बारीक चिरेला लांबी भरली तरी पुरते. मातीच्या भिंतीला फोम नीट धरत नाही, कारण माती सुटते आणि तिच्याबरोबर फोमही निघतो. तिथं माती, भुसा आणि शेण यांचा मळलेला गाराच बरा. तो घरचाच असतो आणि पुन्हा लिंपताही येतो.

दाराची फळी आणि चौकट यांच्यामध्ये फोम मारू नका. दार कायमचं चिकटेल. तिथं रबरी पट्टी लावा. दाराखालच्या फटीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकली तरी वारा अडतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत खालच्या पट्टीला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, तीही बुजवू नका.

आणखी एक. उंदीर फोम सहज कुरतडतो. धान्याच्या खोलीची फट असेल तर आधी तारेची बारीक जाळी दाबून बसवा आणि वरून सिमेंट भरा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा.

फोम कसा भरावा?

१. काम दुपारी करा. फार थंडीत फोम नीट फुगत नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवा.

२. घरातली चूल, शेगडी, दिवा, उदबत्ती सगळं विझवा. जवळ कोणी विडी ओढू नये. डब्यातला वायू पेट घेतो.

३. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा, अंगभर कपडे घाला. मुलांना दूर ठेवा. दमेकरी माणसानं हे काम करू नये.

४. फटीतली माती, जाळी, सुटलेला गिलावा कुंचल्यानं काढा. मग पाण्याचा हलका शिपका द्या. ओल असली तर फोम चांगला धरतो, पण पाणी निथळता कामा नये.

५. डबा वीस-तीस वेळा हलवा, उलटा धरा आणि खालून वर भरत जा. फट निम्मीच भरा. बाकीची फोम फुगून आपोआप भरते. जास्त भरलात तर फोम चौकटीला आत ढकलतो आणि दार अडकू लागतं. म्हणून चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये एक आडवी फळी ताठ बसवून ठेवा.

६. हात लावू नका. एक दिवस जाऊ द्या. मग वर आलेला भाग धारदार पात्यानं कापा आणि त्यावर गिलावा किंवा रंग द्या. उघडा फोम उन्हानं पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो.

फोम हाताला लागला तर ओला असतानाच कोरड्या फडक्यानं पुसा. वाळला की साबणानंही निघत नाही. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

आता सर्वांत महत्त्वाचं

फटी बुजल्या की घर उबदार होतं, पण बाहेरची हवा आत येणंही कमी होतं. आजवर फटीतून येणारा वारा झोप मोडत होता, पण शेगडीचा विषारी वायूही तोच बाहेर नेत होता. कोळसा, लाकूड, गोवऱ्या अर्धवट जळल्या की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपलं रक्त प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतला माणूस उठतच नाही. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक, असं समजू नका.

म्हणून झोपण्याच्या खोलीत पेटती शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून दार लावू नका, थंडी कितीही असो. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. शेकून झालं की शेगडी बाहेर अंगणात ठेवा. स्वयंपाकघराचा झरोका आणि धुराडं कधी बुजवू नका. धुराड्याजवळ, चुलीजवळ फोम भरू नका. वाळलेला फोमही जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गॅसची शेगडी असेल तर जमिनीलगतची वाटही मोकळी ठेवा, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो.

बंद खोलीत शेगडीपाशी कोणी गुंगलेलं दिसलं तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. वेळ घालवू नका.

तेव्हा मंडळी, फोमचा डबा आणण्याआधी घरातून एक फेरी मारा. निजायच्या खोलीची फट कुठली आणि धुराची वाट कुठली, हे घरच्या बायामाणसांना विचारा. चुलीपाशी त्याच बसतात, धूर कुठून जातो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. मग पहिली बुजवा, दुसरीला हात लावू नका.

राम राम!