बॉनेट उघडा, बिनधास्त!

खरं सांगा, तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही शेवटचं कधी उघडलंत? वायपरचं पाणी भरायला? की ते कुठल्या खटक्याने उघडतं हेच आठवत नाहीये? लाजू नका बॉस, मीही त्यातलाच. दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधले बग शोधायचे आणि स्वतःची गाडी जरा कुरकुरली की चावी गॅरेजवाल्याच्या हातात देऊन ‘काय ते बघून घ्या’ म्हणून मोकळं व्हायचं, हाच आपला फंडा होता.

तो मोडला २०१९ च्या मे महिन्यात, खंबाटकी घाटात.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी बाबांची, दहा वर्षं जुनी छोटी हॅचबॅक. नोकरीत असताना त्यांनी कर्ज काढून घेतलेली आमच्या घरातली पहिली चारचाकी. रिटायर झाल्यावर त्यांनी ती माझ्या हवाली केली होती. त्या दिवशी बाबा शेजारच्या सीटवर. घाटात ट्रकची ही मोठी रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय, एसी फुल. आणि बघता बघता टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ! गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि शूरवीरासारखा रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागच्या ट्रकमधून आवाज आला, ‘ओ सायेब, झाकणाला हात लावू नका! भाजून निघाल!’

त्या ड्रायव्हरदादांनी माझं तोंड वाचवलं, अगदी शब्दशः. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकर. आत दाब असल्यामुळे कूलंट शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. इंजिन बंद करून पाऊण-एक तास थांबायचं, पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडायचं. आम्हीही थांबलो, पाणी भरलं, एसी बंद केला आणि कसेबसे घरी परतलो.

वीस हजारांचा बॉम्ब

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान झालं दोन मिनिटांत. ‘हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल. वीस हजार धरून चाला.’

बाबा शांतपणे म्हणाले, ‘एवढ्या जुन्या गाडीवर वीस हजार कशाला घालतोस? विकून टाक.’

म्हणाले खरे, पण संध्याकाळी खाली गेलो तर स्वारी पार्किंगमध्ये. हातात फडकं घेऊन काच पुसत होते. गिऱ्हाईक येणार असल्यासारखी नाही, रोजच्यासारखी. मला कसंसंच झालं. म्हटलं, ‘बाबा, दोन दिवस द्या मला. आपणच बघू काय झालंय ते.’

‘आपण?’ बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. पण नाही म्हणाले नाहीत.

आधी पुरावा, मग पाना

ऑफिसात बग आला की आपण काय करतो? आधी तो नेमका कधी येतो ते बघतो. इथेही तेच. हेड गॅस्केट गेलं तर बऱ्याचदा त्याच्या खुणा दिसतात. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं तर ऑइल टाकायच्या झाकणाखाली कॉफीवरच्या फेसासारखा मऊ, दुधट थर जमतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत जातं. आम्ही एकेक तपासलं. यातलं काहीच नव्हतं.

मग बाबांनी लाखमोलाचा प्रश्न विचारला, ‘हायवेला काटा कुठे होता?’

‘शिरवळपर्यंत अगदी मधोमध.’

‘म्हणजे पळताना ठीक, रांगताना गरम. वारा कमी पडतोय.’

ट्यूब पेटली! गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला गार ठेवतो. गाडी थांबली किंवा रांगायला लागली की ते काम इलेक्ट्रिक पंख्याचं. आणि हो, गेले काही दिवस सिग्नलला एसी धड गार करत नव्हता, गाडी पळाली की करायचा. आम्ही गॅस कमी झालाय म्हणून सोडून दिलं होतं. आमच्या गाडीत दोन्हींसाठी एकच पंखा आहे.

गाडी सुरू केली, एसी लावला. पंखा ढिम्म. फ्यूज काढून पाहिला, तर तार शाबूत. उरला रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा काडेपेटीएवढा चौकोनी स्विच. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, त्यात पाहिलं तर हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा. इग्निशन बंद करून दोघांची अदलाबदल केली, गाडी परत सुरू केली, एसी लावला...

घर्रर्र! पंखा सुरू! हॉर्न मात्र मुका.

पुण्यात इंडिकेटरशिवाय गाडी चालते, पण हॉर्नशिवाय? छे! लगेच बाबांच्या स्कूटरवरून नाना पेठ गाठली आणि नवा रिले आणला, दोनशे ऐंशी रुपये. साध्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणातलं कूलंट भरलं. मग गाडी जागेवरच अर्धा तास एसी लावून चालू ठेवली आणि आम्ही दोघं काट्याकडे क्रिकेटची शेवटची ओव्हर बघावी तसे डोळे लावून बसलो. काटा मधोमध. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी कूलंटची पातळी बघितली, कारण इंजिन एकदा तापल्यावर गॅस्केटला खरंच धक्का बसलेला असू शकतो. नशीब, पातळी हलली नाही.

गॅरेजवाला फसवत होता का? माहीत नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे एक गाडी होती आणि अख्खा रविवार होता. घरच्या रिपेअरचा खरा फायदा हाच.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

एअर फिल्टर. क्लिपा किंवा दोन-चार स्क्रू काढा, मळका फिल्टर बाहेर, नवा आत. दहा मिनिटं. पहिला विजय!

स्पार्क प्लग (पेट्रोल गाडीचे). इंजिन गार असतानाच काढा आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींचा घोळ होत नाही. काढण्याआधी खाचेतली धूळ उडवून घ्या, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये. जुना प्लग नीट बघा, तो बोलतो! टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं आलबेल, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग तिरका गेला आणि पान्याने जोर लावलात तर आटे जातात आणि मग खरंच मोठं बिल येतं.

ऑइल आणि ऑइल फिल्टर. इंजिन थोडं कोमट असताना ऑइल छान वाहतं. ड्रेन बोल्टला नवा वायसर, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटभर ऑइल आणि फिल्टर हातानेच घट्ट. ग्रेड आणि माप मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजपंचे नको. शेवटी डिपस्टिक बघा. जळकं ऑइल गटारात ओतू नका, प्लीज! कॅनमध्ये भरून अशा सर्व्हिस सेंटरला द्या, जे ते अधिकृत रिसायकलरकडे पाठवतं.

चेक इंजिनचा दिवा. ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर मिळतो, कोड मोबाइलवर दिसतो. उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरमध्ये मिसफायर. पण कोड जागा सांगतो, कारण नाही. प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते आपणच शोधायचं.

बॉस, इथे थांबा!

गाडी वॉरंटीत असेल तर हात आवरा. आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना बोटही लावू नका, त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. जॅक स्टँड हवेतच, तेही पक्क्या सपाट जमिनीवर. वायरिंगचं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पंख्याजवळ बोटं नेऊ नका, इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत तो अचानक फिरतो. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सांडलं तर लगेच पुसा, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात.

आणि टायमिंग बेल्ट? मी तो बदलायचं ठरवलं होतं. व्हिडिओ पाहिले, पानेसुद्धा काढून ठेवले. मग वाचलं की बऱ्याच इंजिनांत बेल्ट चुकीचा बसला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. सरळ गाडी नेली आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे. तीन तास शेजारी उभा राहून बघितलं, पैसे दिले, शिकलो. आपल्याला काय जमत नाही हे कळणं, हेही रिपेअरच!

रविवारचा डबा

बाल्कनीतल्या डब्यात एवढं हवंच : रिंग आणि सॉकेट पाने, प्लगचा पाना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, हातमोजे, नरसाळं, जुनी फडकी आणि गाडीचं मॅन्युअल. बोल्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा, जोडताना आशीर्वाद द्याल.

आमच्या डब्यात आणखी एक वस्तू आहे, पॉलिश पेपरचा तुकडा. तो बाबांचा. स्कूटरचा प्लग दर रविवारी त्यावर घासायचे, आणि मी लहानपणी टीव्ही सोडून ते बघायला कधी खाली गेलो नव्हतो. आता मात्र टॉर्च ते धरतात आणि पाना मी. त्या खंबाटकीच्या दिवसापर्यंत आमचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘किती वाजता येशील’ एवढंच होतं. आता तासभर नुसतं कूलंटवर बोलतो.

२०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आरटीओत तपासणी होऊन नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढली. इन्स्पेक्टरने सगळं पाहिलं आणि शेवटी म्हणाला, ‘हॉर्न वाजवा.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं, गालातल्या गालात हसले आणि बटण दाबलं. वाजला!