ओव्हरक्लॉकिंगनंतर संगणकीय खेळांची कार्यक्षमता का घटते? : कारणे व निदानपद्धती

बीजसंज्ञा : प्रोसेसर, वारंवारता, व्होल्टेज, तापमान-मर्यादा, फ्रेम-काल, मेमरी प्रोफाइल.

प्रस्तावना :
संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. खेळ अधिक वेगाने व सहजतेने चालावेत, हा त्यामागील सर्वसाधारण हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा विपरीत अनुभव येतो. पडद्यावर ५ गिगाहर्ट्झ हा आकडा झळकत असतो आणि खेळ पूर्वीपेक्षा अधिक अडखळतो. अशा वेळी नवा कूलर, नवा पॉवर सप्लाय, प्रसंगी नवे ग्राफिक्स कार्ड यांवर खर्च केला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. प्रस्तुत लेखात या घटीची प्रमुख कारणे स्पष्ट करून निदानाची क्रमवार पद्धती मांडण्यात आली आहे.

पार्श्वभूमी :
प्रोसेसरची वारंवारता ही मूळ घड्याळाची गती आणि गुणक यांचा गुणाकार असते. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या इंटेल सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा गुणक ४.५ होता. मूळ गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले आणि कामातील फरक स्पष्ट जाणवे. 'आकडा वाढला म्हणजे काम वाढले' हा समज अशा अनुभवांतून रुजला.

पुढे परिस्थिती बदलली. २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये उष्णता वाढताच गती आपोआप कमी करणारी यंत्रणा होती. २००८ मध्ये कोअर आय७ बरोबर टर्बो बूस्ट आले. पूर्वी वापरकर्ता हाताने मिळवीत असलेल्या अतिरिक्त गतीचा मोठा भाग आता प्रोसेसर तापमान व वीजवापर पाहून स्वतःच घेतो. त्यामुळे हाताने केलेला बदल या स्वयंनियंत्रणाला पूरक ठरण्याऐवजी कित्येकदा बाधक ठरतो.

कार्यक्षमता घटण्याची कारणे :

१. उष्णता व वीजमर्यादा : प्रोसेसरचा गतिक वीजवापर वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वारंवारता ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ व्होल्ट केले. वारंवारतेतील वाढ अवघी ११ टक्के, परंतु वीजवापरातील वाढ सुमारे ४० टक्के होते. ही वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमान-मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील अनेकांची ९५ अंश सेल्सिअस आहे. ही मर्यादा येताच प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी गती कमी करतो. वीजवापराची मर्यादा ओलांडली गेल्यास किंवा मदरबोर्डवरील व्होल्टेज रेग्युलेटर तापल्यासही हेच घडते. एखादा प्रोसेसर ६० टक्के वेळ ५ आणि ४० टक्के वेळ ३.८ गिगाहर्ट्झवर चालला, तर त्याची सरासरी ४.५२ भरते. पूर्वी तोच स्थिरपणे ४.६ वर चालत असेल, तर हा व्यवहार तोट्याचाच होय.

येथे हवामानही लक्षात घ्यावे लागते. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपुरात डिसेंबरमध्ये निर्दोष ठरलेली जुळणी मे महिन्यात मर्यादेला टेकणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

२. एकेरी कोअरच्या गतीची हानी : रायझेन ७ ३७००एक्स हा २०१९ मधील प्रोसेसर मूळ रचनेत ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतची कमाल गती घेऊ शकतो. त्याचे सर्व कोअर हाताने ४.२ वर स्थिर केले की स्वयंचलित बूस्ट बंद पडते. सर्व कोअर वापरणाऱ्या कामाला याचा लाभ होऊ शकतो. परंतु ज्या खेळांचा मुख्य भार एक-दोन कोअरवर असतो, त्यांची गती घटते.

३. मेमरीच्या जुळणीतील बदल : अयशस्वी ओव्हरक्लॉकनंतर संगणक सुरू झाला नाही, तर अनेक मदरबोर्ड सर्व जुळण्या मूळ स्थितीत नेतात. त्यात एक्सएमपी हे मेमरी प्रोफाइलही बंद होते. वापरकर्ता गुणक पुन्हा भरतो, प्रोफाइल मात्र विसरतो. मग ३२०० गतीची मेमरी २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. याउलट मूळ घड्याळ १०० वरून १०३ मेगाहर्ट्झ केल्यास ३२०० ची मेमरी नकळत सुमारे ३२९६ वर जाते आणि अस्थिरता उद्भवू शकते.

खेळांच्या दृष्टीने मेमरीला प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ किती महत्त्वाचा असतो, हे २०२२ मधील रायझेन ७ ५८००एक्स३डी वरून दिसते. त्याची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५८००एक्सच्या ४.७ पेक्षा कमी आहे. तरीही ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट एल३ कॅश असल्याने अनेक खेळांत तोच सरस ठरतो.

४. अपुरे व्होल्टेज : वारंवारतेच्या मानाने व्होल्टेज अपुरे पडले, तर संगणक प्रत्येक वेळी बंदच पडतो असे नाही. काही चुका प्रोसेसर स्वतः दुरुस्त करतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्यांची नोंद डब्ल्यूएचईए या नावाने आढळू शकते. रायझेन प्रोसेसर अशा वेळी घड्याळाचे ठोके लांबवितात. दर्शविलेला आकडा तोच राहतो, प्रत्यक्ष काम मात्र घटते.

मापनाचा प्रश्न :
केवळ सरासरी फ्रेम-गती पाहिल्यास दोष लपून राहतो. ६० पैकी ५९ फ्रेम्स प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंदांत तयार झाली, तर सरासरी सेकंदाला सुमारे ८७ फ्रेम्स भरते. सर्व फ्रेम्स १२ मिलिसेकंदांत तयार झाल्यास सरासरी ८३ येते. आकड्यांत पहिली स्थिती वरचढ दिसते. खेळणाऱ्यास मात्र दुसरीच सुखद वाटते. म्हणून सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सची गती स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक ठरते.

निदानाची क्रमवार पद्धती :
प्रथम बायॉसमधील सर्व जुळण्या मूळ स्थितीत आणाव्यात. खेळातील एकच दृश्य, तेच रिझोल्यूशन व तीच ग्राफिक्स पातळी ठेवून किमान तीन वेळा मापन करावे. एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनाने तापमान, वीजवापर आणि प्रभावी वारंवारता यांची नोंद ठेवावी. त्यानंतर प्रथम मेमरी प्रोफाइल व मग गुणक, असा एका वेळी एकच बदल करून तेच मापन पुन्हा करावे.

या नोंदींवरून कारण निश्चित करता येते. तापमान मर्यादेला टेकत असेल, तर व्होल्टेज व गुणक कमी करावा आणि कूलरची बसवणूक व थर्मल पेस्ट तपासावी. तापमान मर्यादेत असूनही गती खाली येत असेल, तर वीजमर्यादा आणि रेग्युलेटरचे तापमान पाहावे. पूर्ण भार असताना प्रभावी वारंवारता दर्शविलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल, तर व्होल्टेज अपुरे असण्याची शक्यता असते. तेथे ते वाढविण्यापेक्षा गुणक उतरविणे अधिक सुरक्षित होय. मूळ जुळणीतही ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के असेल, तर गतीची मर्यादा त्या कार्डाची आहे. तेथे प्रोसेसरची गती वाढवून लाभ होत नाही. उलट कॅबिनेटमधील उष्णता वाढल्याने कार्डाची गतीही उतरू शकते.

निष्कर्ष :
१. दर्शविलेली वारंवारता आणि प्रत्यक्ष कार्य या भिन्न गोष्टी आहेत.
२. ओव्हरक्लॉकनंतरची घट हा बहुधा प्रोसेसरमधील बिघाड नसून त्याच्या स्वयंरक्षणाचा किंवा बदललेल्या जुळणीचा परिणाम असतो.
३. मूळ स्थितीतील मापन हाती असल्याखेरीज कोणताही नवा भाग खरेदी करू नये. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी उत्पादकाच्या हमीत सामान्यतः समाविष्ट नसते, हेही ध्यानात ठेवावे.
४. मापनाअंती मूळ जुळणीच सरस ठरल्यास तीच कायम ठेवणे हा शास्त्रीय दृष्ट्या योग्य निर्णय होय.