पॅकेज भारी, पण राहायचं कुठे?

समजा, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये तुम्हाला कुणी सांगितलं की एका गावात वॉलमार्टमध्ये नुसता माल लावायलाही देशाच्या किमान वेतनाच्या दुपटीहून जास्त पगार आहे, तर तुम्ही बॅग भराल ना? अमेरिकेत हजारोंनी भरली. गाव होतं नॉर्थ डाकोटा राज्यातलं विलिस्टन. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, आणि आजूबाजूला मैलोनमैल गव्हाची शेतं.

या शेतांखाली बाकन नावाचा खडकाचा थर आहे आणि त्यात तेल. ते आहे हे जुनंच माहीत होतं, पण खडक फोडून ते परवडेल अशा खर्चात काढायचं तंत्र २००८ च्या आसपास इथे जमलं आणि गाव पार बदललं. २००० च्या जनगणनेत लोकसंख्या १२,५१२ होती, २०१० मध्ये १४,७१६ आणि २०२० मध्ये थेट २९,१६०.

माणसं एका रात्रीत येतात, घरं नाही येत. लोक गाडीत झोपले, वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये कॅम्पर लावून राहिले. एका चर्चने जमिनीवर झोपायला जागा दिली, त्यावर 'द ओव्हरनाइटर्स' नावाची डॉक्युमेंटरीही आहे (जरूर बघा, फील गुड अजिबात नाही). कंपन्यांनी कामगारांसाठी कंटेनरसारख्या खोल्यांचे 'मॅन कॅम्प' उभे केले. यातले कित्येक जण काही आठवडे काम करून आपल्या गावी परत जायचे. अमेरिकेची जनगणना माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याला मोजते. म्हणजे विलिस्टनचं पाणी, रस्ते, हॉस्पिटल वापरणारे बरेच जण विलिस्टनच्या आकड्यात नव्हतेच!

आता थोडं गणित करू. २०१४ मध्ये 'अपार्टमेंट गाइड'च्या पाहणीत अमेरिकेतलं सगळ्यात महाग भाडं निघालं ते न्यूयॉर्कचं नाही, विलिस्टनचं. सातशे चौरस फुटांच्या वन-बेडरूमला महिना २,३९४ डॉलर. वॉलमार्टचा पगार तेव्हा ताशी १७ डॉलरच्या वर होता. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला साधारण तीन हजार. म्हणजे दर पाच डॉलरमधले चार घरमालकाला. तेलविहिरीवर राबणाऱ्याला हे परवडायचं, शाळेतल्या शिक्षकाला नाही. आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजी-आजोबांचं काय? पगार तरुणांचे वाढले, भाडं मात्र सगळ्यांचंच. आयुष्य त्या गावात काढलेल्या कित्येकांना घर सोडावं लागलं.

म्हणून एखाद्या गावाचं 'उत्पन्न वाढलं' असं वाचलंत तर लगेच भारावून जाऊ नका. सरासरी मोजताना चार गलेलठ्ठ पगारही आकडा वर खेचतात. मध्यक, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केल्यावर मधोमध येणाऱ्याचं उत्पन्न, जास्त खरं बोलतो. पण गरीब माणूस गाव सोडून गेला तर तोही वर जातो, कुणाचा पगार एक पैशाने न वाढता. हे आम्हाला स्टॅट्सच्या लेक्चरला कुणी सांगितलं नव्हतं.

मग २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरखाली आलं. राज्यात एकेकाळी दोनशेहून जास्त रिग चालायच्या, त्या तीसपेक्षा कमी उरल्या. नेमकी तोवर घाईने बांधलेली अपार्टमेंट्स तयार झाली होती आणि आता ती रिकामी पडू लागली. इतकी, की ज्या मॅन कॅम्पनी गावाची लाज राखली तेच बंद करण्याचा निर्णय शहराने २०१५ च्या अखेरीस घेतला.

तरीही बरेच जण टिकले, कुटुंबं घेऊन आले, शाळा भरल्या. २९,१६० हा आकडा १ एप्रिल २०२० या दिवसाचा. त्यानंतर १९ दिवसांनी, लॉकडाऊनमध्ये, अमेरिकन तेलाचा वायदे बाजारातला भाव शून्याच्याही खाली गेला.