जुन्या बोटीला नवं इंजिन?

लेखमाला : यंत्राचं आयुष्य – लेख सातवा

मागच्या आठवड्यात यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरीचा विषय झाला. गुंडाळी नव्याने भरायची की मोटरच नवी घ्यायची, हा तिथला प्रश्न होता. तो लेख वाचून बेंगळुरूच्या चिकपेटमधल्या एका साडी व्यापाऱ्यांनी पुढचा प्रश्न पाठवला आहे. त्यांची आणि त्यांच्या मेहुण्यांची भागीत एक बोट आहे, मालवणला. वीस फुटी, फायबरची, मागे बारा हंगाम जुनं, ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना फिरवते. इंजिन आता सकाळी लवकर सुरू होत नाही, धूर ओकतं, पेट्रोलही जास्त पितं. मेहुणे म्हणतात, ६० एचपीचं फोर-स्ट्रोक घालू. व्यापाऱ्यांचं म्हणणं वेगळं. चिकपेटमधून पायी जाण्याच्या अंतरावर एस. पी. रोड आणि जे. सी. रोड आहेत, सुटे भाग तिथून उचलू आणि आहे तेच इंजिन उघडून भरून घेऊ.

दोघेही थेट इंजिनाच्या किमतीवर आले आहेत. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात : बोट वर्षाला किती तास चालते, आणि बोटीचं अंग कसं आहे.

तासांचा हिशेब

साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळालेला वायू बाहेर पडत असतो. त्या गडबडीत पेट्रोलचा बराच भाग, पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर जातो. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा असल्याने ही गळती जवळजवळ थांबते. म्हणून बचत खरी आहे, पण ती किती रुपयांची, हे तासांवर ठरतं.

उदाहरण म्हणून धरा, इंजिन तासाला ८ लिटर घेतं, दिवसाला ३ तास चालतं आणि हंगामात २०० दिवस पाण्यात असतं. पेट्रोल झालं ४,८०० लिटर. पाव हिस्सा वाचला तर १,२०० लिटर, म्हणजे १०५ रुपये भावाने १ लाख २६ हजार. शिवाय पन्नासास एक या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळावं लागणारं तेल, सुमारे ९६ लिटर, तेही वाचलं. अशा बोटीवर नवं इंजिन काही हंगामांत स्वतःची किंमत फेडू शकतं. आता तीच बोट घरच्या माणसांना फिरवायला वर्षाला ४० तासच निघत असेल, तर बचत ८० लिटरची, आठ-साडेआठ हजारांची. त्या बचतीसाठी काही लाख गुंतवणं कोणत्याही पेठेच्या हिशेबात बसणार नाही.

इंजिनाचं वय बारा हंगाम आहे, हे सांगून म्हणूनच फारसं कळत नाही. तासांची वही ठेवलेली नसेल तर पेट्रोलच्या पावत्यांवरून अंदाज काढा.

बोटीचं अंग

आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या आडव्या फळीवर टांगलेलं असतं. फायबरच्या अनेक बोटींत ही फळी म्हणजे वरून फायबर आणि आत प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपलं की आतलं लाकूड कुजतं आणि वरून काही दिसत नाही. लाकडी मुठीने ठोकून पाहा. निरोगी ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी बद्द. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला हलकेच हिसके द्या. फळी लवली, कोपऱ्यात चीर उघडली, तर आधी फळीचं काम, मग इंजिनाचा विचार.

हे एवढं सांगायचं कारण वजन. ४० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक साधारण पाऊणशे किलोचं असतं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभराच्या आसपास जातं, ६० एचपीचं त्याच्याही पुढे. विरलेल्या पोताच्या साडीला नवा जड जरीकाठ लावला तर काठ टिकतो आणि साडी काठाच्या शिवणीवरच फाटते, हे चिकपेटच्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. बोटीचंही तेच. शिवाय मागे वजन वाढलं की वरामा खाली बसतो, नाळ वर उठते आणि थांबलेल्या बोटीत मागून पाणी येण्याची भीती वाढते. बोट बांधणाऱ्याने जास्तीत जास्त किती एचपी आणि किती वजन सांगितलं आहे, ती पाटी शोधा आणि तिच्या आत राहा.

इंजिनाचं दुखणं नेमकं कुठे

अंग धड असेल तर आता इंजिनाकडे वळू. उशिरा सुरू होणं आणि धूर, एवढ्यावरून इंजिन संपलं असं होत नाही. कार्बोरेटरमधली घाण, थकलेले प्लग किंवा तेलाचं चुकलेलं प्रमाण यांनीही हेच होतं.

खरी परीक्षा दाबाची. प्रत्येक सिलिंडरला मापक लावून दाब मोजा. सगळे आकडे निर्मात्याने दिलेल्या मापाजवळ असतील आणि त्यांच्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर इंजिनाचा जीव शाबूत आहे. एकाच सिलिंडरचा दाब पडलेला असेल तर रिंगा, पिस्टन किंवा हेडचं पॅकिंग. मग खालच्या गिअरचं तेल काढा. दुधाळ निघालं तर सील गळतंय. ही दुरुस्ती आवाक्यातली असते.

आवाक्याबाहेरची असते ती खाऱ्या पाण्याची करामत. आउटबोर्ड समुद्राचंच पाणी आत घेऊन थंड होतं. रोज गोड्या पाण्याने धुतलं नाही तर मीठ आतल्या वाटांमध्ये साचतं आणि ॲल्युमिनियम खातं. हेड उघडल्यावर पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या, ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले झिंकचे तुकडे वर्षानुवर्षं बदललेलेच नाहीत असं कळलं, तर नवे पिस्टन घालून उपयोग नाही. पिस्टन नवा, ब्लॉक मेलेला.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक. बीआरपी कंपनीने २०२० मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. तुमच्या इंजिनाचे भाग अजून निघतात का, हे उघडण्याआधी विचारा, उघडल्यावर नाही.

पेठेतून काय घ्यावं, काय घेऊ नये

एस. पी. रोडवर पंप, मोटरी, वायरी, इलेक्ट्रॉनिक भाग, जुनं-नवं सगळं मिळतं, जे. सी. रोड गाड्यांच्या सुट्या भागांचा. बेअरिंग आणि ऑइल सील मापाने घेता येतात, चांगल्या कंपनीचे असले की झालं. बॅटरी तिथली चालेल. पण गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीत घालू नका. बोटीसाठी बनवलेल्या भागांत ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते. गाडीत पेट्रोलची वाफ खाली रस्त्यावर निघून जाते, बोटीच्या तळात ती साचून राहते. एक ठिणगी पुरते.

पेट्रोलच्या नळीलाही हाच नियम. देशभरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि आउटबोर्डचे बहुतेक निर्माते १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीत दिवसेंदिवस पडून राहिलं की पाण्यासकट तळाला बसतं. इंजिन जुनं ठेवा की नवं घ्या, इथेनॉल सोसणारी नळी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर घालाच. तुमच्या 'धुराचं' मूळ कदाचित इथेही सापडेल.

ताकद वाढवून काय मिळतं

मेहुण्यांचा ६० एचपीचा आग्रह वेगासाठी असेल, तर एक ठोकताळा लक्षात ठेवा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताकद दीडपट केली तर वेग फार तर बावीस टक्क्यांनी वाढेल, आणि इंजिनाचं वाढीव वजन त्यातूनही थोडं खाईल. कोकणातल्या लाकडी मच्छीमार होडीसारख्या पाणी कापत जाणाऱ्या बोटीला तर हेही लागू नाही. तिचा वेग लांबीने बांधलेला असतो. तीस फुटांच्या पाणरेषेला साडेसात नॉटच्या आतबाहेर. त्यापुढे जोर लावला की लाट मोठी होते, वेग नाही.

पैसे लावण्याआधी पंखा, म्हणजे प्रोपेलर, तपासा. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं त्याचं माप, एका इंचाने कमी-जास्त केला की इंजिनाचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेने बदलतात. पूर्ण प्रवासी भरून पूर्ण थ्रॉटलवर इंजिन निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर पंखा जड आहे. ते इंजिन दम लागूनच चालतंय. बोटीला दमदार इंजिन नको, हलका पंखा हवा.

मग निर्णय

मालवणच्या बोटीपुरतं माझं मत असं. फळी टणक असेल, दाब ठीक असेल आणि वर्षाचे तास शंभराच्या आत असतील, तर नळ्या, फिल्टर, पाण्याच्या पंपाचं इम्पेलर, सील आणि पंखा एवढ्यावर भागवा. दुरुस्तीचा अंदाज नव्या इंजिनाच्या निम्म्या किमतीपुढे गेला किंवा बोट सहाशे तास धंदा करत असेल, तर बदला. पण ४० ला ४० च. नव्याच्या किमतीत केबली, वायरिंग, पंखा आणि बॅटरी धरा. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन किनाऱ्यावर पान्याने दुरुस्त होत नाही, संगणक जोडणारा मेकॅनिक मालवणात किंवा जवळपास आहे का, हे आधी पाहा. आणि फळी बद्द वाजत असेल आणि तिचं काम परवडण्यासारखं नसेल, तर इंजिनाचे पैसे बोटीच्या पैशांत मिळवून नव्या बोटीचा विचार करा.

इंजिन बदललं की कागदही बदलतात. प्रवासी बोटीच्या नोंदणीत आणि तपासणीत इंजिनाची नोंद असते, म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाला आणि विमा कंपनीला खरेदीआधीच विचारा.

शेवटची गोष्ट चाचणीची. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या एका वेगवान बोटीचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. दोन्ही बोटींवरची माणसं गेली. नवं किंवा उघडून जोडलेलं इंजिन ही अनोळखी वस्तू असते. थ्रॉटल अडकू शकतो, सुकाणू जड होऊ शकतं. पहिले तास पर्यटकांच्या वाटेपासून दूर, मोकळ्या पाण्यात, प्रवाशांशिवाय, लाइफ जॅकेट घालून आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधूनच घ्या. पावसाळ्यात बोट ओढून ठेवलेली असताना काम उरका, म्हणजे ऑक्टोबरच्या गर्दीत चाचणी घेण्याची वेळ येणार नाही.

पुढच्या आठवड्यात : विजेवर चालणाऱ्या बोटी. केरळात वैक्कमच्या खाडीत २०१७ पासून 'आदित्य' ही सौरफेरी प्रवासी नेते-आणते. ठरलेला छोटा मार्ग आणि मोजलेले तास असले की बॅटरीचं गणित कसं बसतं, ते पाहू.