बोट हीच लेखणी

वयाच्या पासष्टीस माझा उजवा हात कांपूं लागला, आणि जन्मभर फळ्यावर वळणदार अक्षर काढणाऱ्या माणसास स्वतःची सही ओळखूं येईना. जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रांस उत्तरें धाडणें बंद पडलें. मुलानें संगणक आणून दिला. पण त्याच्या ‘माऊस’शीं माझें जमलें नाहीं. हात फिरे मेजावर, बाण धांवे पडद्यावर, आणि एकाच जागीं पडावयाच्या दोन टिचक्या कंपामुळें भलतीकडे पडत. नातवंडें म्हणत, “आजोबांचा उंदीर पळाला!”

पुढें टॅबलेट आला. आम्ही त्यास काचेची पाटी म्हणतों. येथें जें हवें त्यावरच बोट ठेवावयाचें. डोळा व हात एकाच ठिकाणीं. काचेखालीं विद्युद्वाहकाचें अतिसूक्ष्म जाळें असतें. आपलें शरीरहि विद्युद्वाहक असल्यानें बोट टेकतांच तेथील विद्युद्भारांत फरक पडतो व यंत्रास जागा कळते. दाब मुळींच लागत नाहीं. टंकलेखनयंत्राच्या कळा ठोकून ज्यांचीं बोटें दुखलीं असतील, त्यांस याचें मोल कळेल. मात्र ओल्या हातानें ही काच गोंधळते, हें आमच्या स्वयंपाकघरांत रोज सिद्ध होतें.

मला विशेष कौतुक वाटलें तें ‘स्वरचक्रा’चें. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं हा कळफलक पुढें आणला. व्यंजनें वर्णमालेच्या क्रमानें मांडलेलीं. ‘क’वर बोट ठेवतांच त्याभोंवतीं का, कि, की अशी बाराखडी चक्राकार उमटे, आणि हव्या स्वराकडे बोट सरकवून उचललें कीं अक्षर तयार होई. १९८६ सालच्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकांतहि स्वर डावीकडे, व्यंजनें उजवीकडे अशी शिस्त आहे. पण जागा पाठ कराव्या लागतात. येथें पाठांतर लागलें तें पहिल्या इयत्तेचेंच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा क्रम शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्यास याहून अधिक काय हवें?

तथापि सोय आणि आरोग्य हीं एक नव्हेत. पाटी मांडीवर घेऊन वांकून बसलें कीं मानेस रग लागते. अंगठ्यानें सतत लिहिणाऱ्यांच्या मनगटाशीं जी वेदना उठते, तिच्यासारख्या दुखण्याचें वर्णन डी केर्व्हेन या स्विस शल्यवैद्यानें १८९५ सालींच केलें होतें. तेव्हां अंगठ्यास कामें निराळीं होतीं, एवढेंच. शिवाय सपाट काचेवर बोटास कळेची कड लागत नाहीं, म्हणून नजर हलवितां येत नाहीं. सरावलेला टंकलेखक न पाहतां लिहितो, तें येथें साधत नाहीं. दीर्घ लेखास जुना कळफलकच बरा, असें माझें मत आहे.

मीं पाटी उतरत्या मेजावर ठेविली, कोपर टेकविलें, आणि एका स्पर्शाचे दोन होऊं नयेत अशी यंत्रांतील सोय सूनबाईंकडून लावून घेतली. कंप गेला नाहीं. पण तो आतां अक्षरांत दिसत नाहीं.

थोरल्या वहिनींनीं तर कळफलक नाकारलाच. काचेवर बोटानें गिरविलेलें अक्षर ओळखून यंत्र तें छापील करतें, तीच सोय त्यांस मानवली. लहानपणीं मन नदीच्या वाळूंत असेंच लिहीत असूं, म्हणतात. नागपुरास असलेल्या नातीस त्या रोज दोन ओळी धाडतात. ‘बाळापूर’मधील ‘ळ’ मात्र अजून दोनदां गिरवावा लागतो.